ओवा दिला, आता घड्याळ बघा

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी खान्देशातल्या बऱ्याच घरांत फळीवरचा ओव्याचा डबा खाली उतरतो. वैशाखाचं ऊन, माहेरी आलेल्या लेकी, पाटीभर आंबे, खापरावरचे मांडे आणि वाटीमागून वाटी आमरस. जळगाव-भुसावळकडे पारा तेव्हा चव्वेचाळीस अंशांच्या आसपास घुटमळत असतो. पोट कुरकुरलं नाही तरच नवल. पुढे श्रावणात कानबाईचे रोट येतात, थंडीत शेतातल्या भरीत पार्ट्या सुरू होतात, लग्नसराईत वरण-बट्टी आणि तवंग आलेली शेवभाजी असतेच. ‘पोट दुखी राह्यनं’ असं कुणी म्हटलं की घरातली म्हातारी काही विचारत बसत नाही. चिमूटभर ओवा, त्यावर मिठाचे चार खडे, वर कोमट पाणी. लहान मूल असेल तर बेंबीभोवती हिंगाचा लेप.

या डब्याला हसणाऱ्यांतला मी नाही. पोटाच्या बारीकसारीक तक्रारी बहुतांशी आपोआप बऱ्या होतात. तोवर माणसाला आराम देणं हे काम घरी झालं तर उत्तमच. आल्या-सुंठीचा मळमळीवरचा गुण, इसबगोलाचा पाणी धरून ठेवणारा चीक, जेवणानंतरची बडीशेप, यांत भोंदूपणा काही नाही. जुलाबात तेलकट-तिखट बंद करून ज्वारीच्या कण्या, मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, ताजं ताक आणि केळं द्यायचं ही रीत तर कुठलाही डॉक्टर मान्य करील. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्याचं भरपूर कौतुक झालं. जुलाबात शरीरातून वाहून जाणारं पोटॅशियम भरून काढायला हेच केळं कामी येतं, अशी पाटी मात्र रावेर-यावलच्या रस्त्यावर मी कधी पाहिली नाही.

माझं भांडण आहे ते ओव्याला मिळणाऱ्या श्रेयाशी. जे दुखणं एरवीही संध्याकाळपर्यंत थांबणार होतं ते ओवा खाऊन थांबलं की यश ओव्याच्या खात्यावर जमा होतं. वर्षानुवर्षं ही जमा वाढत जाते. मग ज्या दिवशी दुखणं वेगळंच असतं त्या दिवशीही घर त्याच खात्यावर विसंबतं. आधी ओवा, मग हिंग, मग लिंबू-सोडा, मग शेजारच्या काकूंनी सांगितलेलं काहीतरी. उपायामागून उपाय होतात आणि मध्ये किती वेळ गेला ते कुणी मोजत नाही. घरच्या उपायातली खरी खोट हीच, की त्याला मुदत नसते. डॉक्टर गोळ्या देताना निदान ‘तीन दिवसांनी दाखवा’ म्हणतो. ओवा देणाऱ्या माणसाच्या तोंडून तेवढंही निघत नाही.

पूर्वीच्या जाणत्या बायका मुलाची टाळू चाचपायच्या, लंगोट कितीदा ओला झाला ते लक्षात ठेवायच्या, रडताना डोळ्यांत पाणी येतं का ते बघायच्या. बालरोग विभागातला निवासी डॉक्टर रात्रपाळीत आजही हेच करतो. त्या बायकांचे फार गोडवे गाण्याचं कारण नाही. त्या काळात मुलं मरायचीही खूप, आणि टाळू खोल गेलेली कळली तरी पुढे काय करायचं ते त्यांच्या हाती नव्हतं. आज ते आपल्या हाती आहे. पण आपण त्यांचा डबा जपला आणि नजर सोडली. आता फोनवर ‘पोट बिघडलंय, काय देऊ?’ एवढंच विचारतात. ‘काय बघू?’ असं कुणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही.

दुसऱ्या टोकाला सलाईनवाले आहेत. अमळनेर, पारोळा, साक्री, शिंदखेडा, कुठल्याही तालुक्याच्या गावी पावसाळ्यात दवाखान्यांत डोकवा. हाताला सुई टोचून घेऊन बाकावर पडलेली बरीचशी माणसं पाणी पिऊ शकण्याइतकी धडधाकट असतात. दोन ढाळ झाले, अंग गळाल्यासारखं वाटलं, ‘डॉक्टर, बाटली लावून टाका’. न लावणारा डॉक्टर कच्चा ठरतो, म्हणून तोही लावतो. सोबत एक इंजेक्शन आणि अँटिबायोटिकची पाकिटं, ज्यांचा विषाणूंमुळे लागलेल्या जुलाबावर काडीचाही उपयोग नसतो. ओवावाले सलाईनवाल्यांना उधळे म्हणतात, सलाईनवाले ओवावाल्यांना मागास. समजूत मात्र दोघांची एकच. आजार बरा करणारी एखादी वस्तू असते, ती शरीरात गेली की आपलं काम संपलं. माणसाकडे लक्ष ठेवून बसणं हाही उपचारच आहे, हे दोघांच्याही गळी उतरत नाही.

या दोघांनीही १९७१ सालचं बनगाव समजून घ्यावं. बांगलादेशाच्या युद्धात पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या या गावात निर्वासितांचे लोंढे आले आणि पटकी पसरली. रुग्णालयाच्या फरशीवर रोगी पडलेले, सलाईनचा साठा संपत आलेला. कोलकात्याचे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात कालवला आणि ते पाणी पाजायचं काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपवलं. शंभरातले तीसएक रोगी दगावत होते, ते प्रमाण चाराच्याही खाली आलं. यामागचं शास्त्र अवघड नाही. आतड्याच्या अस्तरातून साखर आत शिरते तेव्हा मिठाला सोबत नेते, आणि मिठामागून पाणी जातं. जुलाब चालू असतानाही हा रस्ता उघडा राहतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने १९७८ मध्ये या शोधाची गणना शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत केली. महालनबीस २०२२ मध्ये गेले, पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर मिळालं. मला या हकिकतीत सर्वांत मोलाचे वाटतात ते नातेवाईक. बनगावात जीव वाचले ते आई, भाऊ, नवरा यांच्या हातातल्या पेल्यांनी. फक्त त्या पेल्यातलं माप कुणीतरी ठरवून दिलं होतं.

मापाकडे आपण फार ढिलाईने बघतो. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. आपल्याकडे ते पेलाभर पाण्यात ओतून ‘कडक’ करून पाजतात, किंवा चव आवडत नाही म्हणून दोन-तीन वेळा थोडं थोडं वापरतात. लहान पुडी दोनशे मिलिलिटरची असते, ती तांब्याभर पाण्यात टाकली की नुसतं गोडसर पाणी उरतं. पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचायचं, आणि कालवलेलं पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने घालायचं नाही, तान्ह्या मुलाला जास्तीचं मीठ बाधतं. साखर जास्त झाली तर आतड्यात पाणी ओढलं जाऊन जुलाब वाढतात. म्हणूनच थंड पेयं आणि फळांच्या चवीची डबाबंद सरबतं जुलाबात देऊ नयेत. अशी काही सरबतं वर्षानुवर्षं ‘ओआरएस’ हे नाव मिरवत मेडिकलच्या दुकानांत विकली गेली. ठरलेल्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांना हे नाव वापरता येणार नाही, असं देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बजावलं ते २०२५ च्या ऑक्टोबरात. एका बालरोगतज्ज्ञ बाईंना त्यासाठी अनेक वर्षं झगडावं लागलं.

पाजायचीही एक रीत आहे. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप, आणि तेही चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. पातळ शी होते म्हणून मुलाला उपाशी ठेवणं हा तर सरळ अपराध आहे, पण अजून घराघरांत तो मायेने केला जातो. सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम झिंक चौदा दिवस द्यायचं असतं, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरीही. ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे फुकट मिळतात. इथे एक गैरसमज काढायला हवा. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत, शरीर सुकायचं थांबतं. ‘पाकीट दिलं पण गुण आला नाही’ म्हणून पोरगं उचलून सलाईनकडे धावणाऱ्या बापाला हे कुणी सांगितलेलंच नसतं. शेजारच्या बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या बायका १९८० नंतरची दहा वर्षं घरोघर फिरल्या. तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ अर्ध्या शेर पाण्यात कसा कालवायचा ते त्यांनी कोटीहून जास्त घरांतल्या आयांना हातात हात घेऊन शिकवलं. शाळा न पाहिलेल्या बायका माप शिकतात. शिकवणाऱ्याने उंबऱ्यापर्यंत जायला हवं.

आता घड्याळ. मोठ्या, एरवी ठणठणीत माणसाचं पोट बिघडलं, ताप नाही, रक्त नाही, पाणी पोटात टिकतंय, लघवी होतेय, तर दोन दिवस घरी थांबायला हरकत नाही. लहान मुलाच्या बाबतीत हिशेब तासांचा. सहा-आठ तास लघवी नाही, तोंड कोरडं, डोळे खोल, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते, मूल गळून पडलंय किंवा पाजलेलं सगळं उलटतंय, यांतलं काहीही दिसलं की ओव्याचा, पाकिटाचा, सगळ्याचा वेळ संपला. वाटेत पाजत पाजत निघायचं. तान्हं मूल थांबून थांबून पाय पोटाशी घेत किंचाळतं आणि शीला जांभळट-लाल चिकट पडतं, तेव्हा एक क्षणही घरी काढू नये. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरलेला असू शकतो. म्हातारं माणूस, गरोदर बाई, मधुमेहाचा किंवा किडनीचा रोगी, यांची मुदत ठणठणीत माणसाच्या निम्मीसुद्धा धरू नये. आणि तांदळाच्या धुवणासारखे पाणचट ढाळ लागले तर वय काहीही असो, लगेच निघायचं. पटकी धडधाकट गड्याला काही तासांत संपवते. पटकी गेली म्हणून मरीमायची देवळं गावाच्या शिवेवर ओस पडली असतील, पण तिचा जंतू कुठे गेलेला नाही.

या घड्याळाबद्दल कुठल्याही आरोग्यपत्रकात न सापडणारी एक गोष्ट मला सांगायची आहे. घरी किती वेळ थांबायचं ते आजारावर ठरतं तितकंच दवाखान्याच्या अंतरावरही ठरायला हवं. जळगावात रिंगरोडला राहणारा माणूस मध्यरात्री पोट दुखायला लागलं तर एखादा तास बघू शकतो, कारण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय रिक्षाच्या अंतरावर आहे. शिरपूर तालुक्यात बोराडीच्या पुढे सातपुड्यात, किंवा चोपड्याच्या वैजापूरकडच्या पाड्यांवर हा तास परवडत नाही. नाल्याला पूर आहे, गाडी मिळेपर्यंत उजाडतं, शिरपुरात पोचलं तर ‘धुळ्याला न्या’ म्हणतात आणि धुळं तिथून पन्नासेक किलोमीटर पुढे. म्हणजे जो लांब राहतो त्याने लवकर निघायला हवं. घडतं नेमकं उलट. जवळचा लवकर जातो, लांबचा ‘उद्या बघू’ म्हणतो. त्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. एका फेरीत दोघांची मजुरी बुडते, गाडीभाडं जातं, मागे राहिलेल्या पोरांना कोण बघणार हा प्रश्न असतो. त्याचा ‘उद्या’ हा हिशेबातून आलेला असतो, आणि तो हिशेब बदलायचा तर १०८ ची गाडी वेळेवर यायला हवी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री माणूस असायला हवा. घरच्या उपायांवर भाषण देणाऱ्यांनी त्याआधी या दोन गोष्टींवर बोलावं.

पोटाच्या नावाखाली घरी थांबवून ठेवलेली काही दुखणी मुळात पोटाची नसतातच, आणि माणसं जास्त दगावतात ती इथे. पहिलं म्हणजे गॅस. पन्नाशीच्या माणसाच्या छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात जळजळ-दडपण, मळमळ, अंगावर गार घाम. घरचे म्हणतात, ‘रात्री भरीत जास्त झालं, गॅस धरला.’ ओवा, सोडा, पाठीवर थापट्या. हृदयाचा खालचा भाग पडद्याला, म्हणजे पोटाच्या छताला, टेकलेला असतो, त्यामुळे तिथल्या झटक्याची कळ पोटातली वाटते. मधुमेह्यांना आणि बायकांना तर छातीत दुखतही नाही कधीकधी. घाम, दम, जबड्यात किंवा हातात कळ, यांतलं काहीही गॅसच्या सोबतीला आलं तर ओव्याचा डबा उघडू नये, ईसीजी काढावा. ईसीजी चांगला निघाला तर शे-दोनशे रुपये गेले. तंबाखूची चिमूट दाढेखाली धरून बसलेल्या आपल्या गावांत ‘गॅसच असेल’ हे वाक्य मला विषासारखं वाटतं.

दुसरं पावसाळ्यातलं. शेतीपंपाची वीज रात्रीची, म्हणून माणूस पाणी भरायला शेतात, नाहीतर राखणीला. घरीही खाली अंथरूण. पहाटे पोटात कळा येऊन जाग येते, उलटी होते. रात्रीच्या जेवणावर खापर फुटतं. मण्यार चावलेला बहुतेकदा कळतच नाही, जखम नाही, सूज नाही, आणि तिच्या विषाची पहिली तक्रार पोटदुखीची असू शकते. मग पापण्या जड होतात, जीभ अडखळते, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. खाली झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि पापण्या मिटू लागलेल्या, एवढं पुरेसं आहे. मांत्रिक नको, लिंबू नको, सर्पविषावरची लस जिथे आहे ते रुग्णालय गाठायचं.

तिसरं आपल्या कपाशीचं. फवारणी करून आलेला गडी ओकतो, तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. त्याला ऊन बाधलं म्हणून कांद्याचा रस देतात. यवतमाळात २०१७ च्या हंगामात वीसहून अधिक शेतकरी-मजूर फवारणीच्या विषबाधेने गेले, तेव्हा राज्याचं लक्ष चार दिवस तिकडे गेलं होतं. कपडे उतरवायचे, साबणाने अंग धुवायचं, ओकारी काढायची नाही, औषधाचा डबा सोबत घेऊन रुग्णालयात जायचं. ऊन खरंच बाधलेलं असेल आणि माणूस बरळत असेल, अंग भट्टीसारखं तापलेलं असेल, तरी घरी थांबायचं नाहीच. पाणी शिंपडत, वारा घालत न्यायचं.

काही उपाय घरात शिरूच देऊ नयेत, त्यांवर फार लिहिण्यात अर्थ नाही. पोटात दुखतंय म्हणून एरंडेल पाजणं हा त्यांतला पहिला. बेंबीपाशी सुरू झालेली कळ उजवीकडे खाली सरकून बसली तर आंत्रपुच्छाची सूज असू शकते, आणि रेच दिला तर ते फुटू शकतं. बेंबी सरकली म्हणून तांब्या लावून किंवा पोट रगडून ती ‘बसवणं’ त्याच पंक्तीतलं. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या आणि मुलांना जुलाब ‘बंद’ करायच्या गोळ्या यांचंही तेच. तान्ह्या मुलाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे डाग देण्याचा प्रकार मेळघाटात २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा उघड झाला. ते मूल अवघं बावीस दिवसांचं होतं. सातपुड्याच्या कुशीतल्या आपल्या पाड्यांनी ही बातमी परक्याची समजू नये.

यानंतर घड्याळाऐवजी कॅलेंडर लागणारी दुखणी. रोज शौचाला झालं नाही म्हणून रात्रीचं चूर्ण हे आपल्याकडे व्यसन होऊन बसलं आहे. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, या टप्प्यातलं काहीही निरोगी माणसाला नेहमीचं असू शकतं. बघायचं ते एवढंच, की आपलं नेहमीचं बदललं का. पंचेचाळीस-पन्नाशीनंतर सवय बदलली, ती तीन-चार आठवडे तशीच राहिली, शौचातून रक्त जातंय, शी डांबरासारखी काळी होतेय, वजन उतरतंय, गिळताना अडकतंय, तर हे घरचं काम उरलेलं नाही. पण रक्त दिसलं की आपल्याकडे मूळव्याध ठरलेलीच असते. ‘विनाऑपरेशन मूळव्याध-भगंदर’ अशा रंगवलेल्या भिंती एसटी स्टँडच्या आजूबाजूला सापडतात. तपासणी न करता वर्षभर पुड्या देणारे तिथे भेटतात, आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग तेवढ्यात वाढून बसतो. गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळी खाणाऱ्या आजोबांची काळी शी ही पोटात रक्तस्राव झाल्याची खूण असू शकते. ते कुणाला सांगत नाहीत आणि कुणी विचारतही नाही. रक्तदाब किती हे चारचौघांत विचारणारे आपण, शौचाचा रंग विचारायला मात्र लाजतो.

बायकांचं बद्धकोष्ठ हा तर वेगळाच विषय आहे आणि तो ओव्याने सुटणारा नाही. कापूस वेचायला गेलेली बाई दिवसभर पाणी पीत नाही, कारण वावरात आडोसा नाही. नोकरीसाठी ये-जा करणारी पीत नाही, कारण बसस्थानकावरच्या मुतारीत पाय ठेववत नाही. संध्याकाळी तिचं पोट गच्च, डोकं जड, लघवीला जळजळ. तिला कोमट पाण्यातून तूप घ्यायला सांगणारे सल्ले मी वाचतो तेव्हा सल्ला देणाऱ्याला एकदा मार्गशीर्षात वेचणीला पाठवावं असं वाटतं. घरात सगळ्यांच्या पोटावर लक्ष ठेवणारी तीच असते, आणि तिच्या पोटावर लक्ष ठेवणारं कुणी नसतं.

शेवटी पाणी. धुळ्यात पाण्याची चर्चा निघाली की तापी योजना, नकाणे तलाव, अक्कलपाडा अशी नावं येतात, पण घराच्या नळाला पाणी येतं ते काही दिवसांच्या अंतराने. मग पिंपं, टाक्या, हंडे भरून ठेवायचे आणि त्यांत वरून तांब्या बुडवायचा. गळक्या जलवाहिनीत पुरवठा बंद असताना गटार शिरतं ते वेगळंच. अशा ठिकाणी एका घरात दोघांना, किंवा एका गल्लीत तीन-चार घरांत एकाच आठवड्यात जुलाब लागले तर तो प्रश्न त्या पोटांचा उरत नाही. तेव्हा घरोघरी गुपचूप ओवा खाणं हे साथ लपवण्यासारखं आहे. आशाताईंना, आरोग्य केंद्राला, ग्रामपंचायतीला कळवायला हवं. जलसुरक्षकाने पाण्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, खरंच टाकली का, क्लोरीन उरलं का ते बघणारी ओटी टेस्ट केली का, गावाच्या पाण्याला लाल कार्ड आहे की हिरवं, हे विचारायचा हक्क गावकऱ्याला आहे. पंक्तीच्या जेवणाचंही असंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात एकादशीच्या भगरीच्या प्रसादातून शेकडो माणसांना विषबाधा झाली. दोऱ्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगून उघड्यावर उपचार करावे लागले. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला गुइलेन-बॅरे या नसांच्या आजाराचे रोगी वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचाच जंतू सापडला. जुलाब थांबून आठ-दहा दिवसांनी पाय लुळे पडू लागले तर ‘अशक्तपणा आहे, टॉनिक घे’ म्हणू नये, हे त्या साथीने शिकवलं.

कुणी म्हणेल, एवढ्या खुणा घाबरवण्यासाठी आहेत, उद्या प्रत्येक ढेकरेला माणसं दवाखान्यात धावतील. तसं होऊ नये म्हणूनच मुदत हवी. काय बघायचं ते ज्याला ठाऊक आहे तो उगाच धावत नाही. सलाईनची बाटली मागणारा घाबरलेला असतो, कारण त्याला कुणी खुणाच सांगितलेल्या नसतात. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय असो की जळगावचं शासकीय रुग्णालय, तिथली गर्दी कमी करायची तर साध्या जुलाबाचा माणूस घरीच पाणी पिऊन बरा व्हायला हवा आणि गंभीर रोगी तिसऱ्या दिवसाऐवजी पहिल्या रात्री पोचायला हवा.

म्हणून विनंती एवढीच. ओव्याच्या डब्याशेजारी ओआरएसची दोन पाकिटं ठेवा, आणि पहिली चिमूट दिली ती वेळ कागदावर लिहून ठेवा. पोट बिघडल्याचा फोन आला की उपाय सांगायच्या आधी तीन प्रश्न विचारा: कधीपासून, लघवी शेवटची केव्हा झाली, आणि तिथून दवाखाना किती लांब आहे.